दुसरं काज

सिद्रामप्पा शिंप्यांनी सहा वर्षं पोटाच्या डाव्या बाजूला नारळाची करवंटी बांधून काढली. त्यातले पहिले तीन महिने दैवाचे होते. उरलेली पावणेसहा वर्षं माझी. मी एक खोटं बोललो, आणि ते खोटं त्या माणसानं रोज सकाळी उठून धुतलं, वाळवलं आणि पुन्हा कमरेला बांधलं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी एवढं कबूल केल्याशिवाय माझा हात पुढं जाणार नाही.

निजामाच्या अमदानीतल्या मुरुमच्या सरकारी शाळेत मी मास्तर होतो. सोलापूरला राहून मॅट्रिक झालेलो, त्यामुळं उर्दूबरोबर थोडी इंग्रजी येणारा पेठेतला मी एकटाच. आप्पांचं दुकान आणि माझी भाड्याची खोली यांत एक सामाईक भिंत होती. शाळेचे कागद लिहीत बसलो की भिंतीपलीकडून त्यांच्या मशीनचा आवाज यायचा. गिऱ्हाईक आवडीचं असलं तर मशीन संथ चालायचं आणि नावडतं असलं तर खडखडून, असं मी सहा महिन्यांत ओळखायला लागलो होतो.

ते लिंगायत शिंपी. घरात बायकोशी, नीलव्वाशी, कानडी, पेठेत मराठी, आणि कचेरीतली माणसं कपडे घेऊन आली की दखनी उर्दू. मूलबाळ नव्हतं. अंगानं काटक, कानावर खडूचा तुकडा, आणि तोंडात कायम दोन टाचण्या धरून बोलायची सवय. टाचण्या काढून ठेवून ते बोलू लागले की समोरच्यानं समजावं, आता खरं बोलणं सुरू झालं.

गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचं माप त्यांच्या डोळ्यांनी घेतलेलं असायचं. टेप नंतर लावायचे ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माप मात्र तोंडावर मोठ्यानं सांगायचे. "आधी माप, मग कात्री," हे त्यांचं पालुपद, आणि त्याला जोडून दुसरं, "माप लपवायचं न्हाय." एकदा पोलिसांचे अमीनसाहेब शेरवानी शिवायला आले. दुकानात चार माणसं बसलेली. साहेबांनी सांगितलं, छाती छत्तीस धरा. आप्पांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाले, "साब, छाती आपकी चौंतीस है. छत्तीस की सीता हूँ, पर पहनके साँस बाहर मत छोडना." सगळे जमिनीकडं बघायला लागले. अमीन क्षणभर लाल झाले आणि मग स्वतःच हसले. शेरवानी चौतीसचीच झाली. नंतर मी आप्पांना विचारलं, भीती नाही वाटली का. ते म्हणाले, "खोट्या मापाचा कपडा त्यो घालून फिरला असता, आन गावानं मला नावं ठेवली असती. भ्यायचं तर त्याला भ्यावं."

अशा माणसाला मी चुकीचं माप सांगितलं.

चाळीस सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात कळ उठली. दोन दिवस त्यांनी ओवा-हिंगावर काढले. तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं फुगलं, वारा सरेना, उलटीला घाण वास यायला लागला. पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या मोटारीत त्यांना आडवं घातलं आणि मी सोबत निघालो. तिथले डॉक्टर इंग्रजीच बोलायचे, त्यांच्याशी कोण बोलणार, म्हणून सगळ्यांनी मलाच पुढं केलं होतं. निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं चादर उचलून खाली माल आहे का बघितला. आप्पा त्याही अवस्थेत त्याला म्हणाले, "अंगावरचा कोट तंग झालाय तुजा. परत येताना उसवून देतो."

सोलापूरच्या दवाखान्यात त्याच दिवशी पोट उघडलं. आतड्याला पीळ पडून मधला तुकडा काळा झाला होता. डॉक्टरांनी तो कापला आणि उरलेली दोन्ही तोंडं पोटाच्या डाव्या बाजूला, एकाला एक लागून, कातडीबाहेर काढून ठेवली. वरच्या तोंडातून मळ बाहेर यायचा. खालचं तोंड नुसतं ओलसर असायचं. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा मला भिंतीकडं तोंड करावं लागलं. आप्पांनी मान उचलून नीट बघितलं, बराच वेळ, कुणी कापडाचा नवा तागा दाखवावा तसं.

तीन आठवड्यांनी सुट्टी मिळाली. डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि चिठ्ठी लिहून देत म्हणाले, तीन महिन्यांनी परत आणा, तोंडं आत जोडून बंद करू. मी विचारलं, धोका आहे का. ते म्हणाले, आहे. कुठल्याही शस्त्रक्रियेत असतो, आणि यांचं वय सत्तावन्न आहे.

त्या तीन आठवड्यांत शाळेकडून मला दोन कागद आले होते. रुखसत, म्हणजे रजा, संपली आहे, तपासणीला साहेब येणार आहेत, हजर व्हा, नाहीतर जागेवर दुसरा माणूस नेमू. घरी बायको पोटुशी. आणि खरं सांगायचं तर त्या दवाखान्याच्या वासाला, ओल्या पट्ट्यांना, मध्येच कुणाच्या तरी रडण्याला मी कंटाळलो होतो. तीन महिन्यांनी पुन्हा हेच, आणि त्या वेळी कदाचित मोटारीतून प्रेत घेऊन परतायचं, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि हटेना.

मी खाटेजवळ आलो. आप्पांनी विचारलं, "काय म्हनले?"

मी म्हणालो, "हे आता जन्माचं, आप्पा. जीव वाचला हे मोठं समजा."

आमच्याकडं रोग्याला सगळं सांगायचं नसतं, अशी रीत आहे. सोबतचा शिकलेला माणूस डॉक्टरचं ऐकतो, चाळतो आणि रोग्याला सोसेल तेवढंच पुढं देतो. ती रीत माझ्या कामाला आली. कुणालाही वाटलं असतं मी दया केली, आणि पहिली काही वर्षं मलाही तसंच वाटवून घेता आलं. चिठ्ठी मी घडी करून खिशात घातली आणि घरी आल्यावर ट्रंकेत, माझ्या मॅट्रिकच्या दाखल्याखाली ठेवली. ती फाडून का टाकली नाही, ते मला सांगता येणार नाही.

आप्पा त्या वेळी म्हणाले, "मास्तर, मग दुसरं काज कशाला ठेवलं?"

मला कळलं नाही.

"दोन तोंडं हायत न्हवं. एक वापरात हाय. दुसरं नुस्तंच उघडं ठिवलंय. लावायचंच नसतं तर शिंपी काज करत न्हाय. शिवून टाकलं असतं की त्येनी."

मी म्हणालो, डॉक्टरांची रीत असते एकेक. त्यांनी मान हलवली. पण पुढं सहा वर्षांत, दर दोन-चार महिन्यांनी, काहीतरी दुसरंच बोलत असताना ते मध्येच म्हणायचे, "त्ये दुसऱ्या काजाचं काय कळलं न्हाय बगा अजून." आणि मी विषय बदलायचो.

गावी आल्यावर त्यांनी स्वतःचा बंदोबस्त स्वतः केला. दवाखान्यानं कापूस आणि पट्ट्या दिल्या होत्या, त्या आठ दिवसांत फेकून दिल्या. नारळाची करवंटी निम्मी कापून, काचेनं खरवडून, तेल पाजून गुळगुळीत केली. तिच्या काठाला मलमलीची गादी शिवली, मागून दुहेरी मांजरपाटाचा पट्टा आणि पुढं बंद. असे बारा पट्टे. तोंडाभोवतीची कातडी सोलायची, तिला एरंडेल आणि चुन्याची निवळी लावायचे. पट्टे कधी नीलव्वाला धुऊ दिले नाहीत. उजाडायच्या आत ओढ्यावर जाऊन स्वतः धुवायचे आणि मागच्या खोलीत पडद्याआड वाळत घालायचे. काय खाल्लं की किती वेळानं काय होतं याचं त्यांचं गणित पक्कं झालं. डाळ सोडली, अंबाडी सोडली, हुरडा सोडला. सकाळी एक भाकरी ताकात कुस्करून, आणि दुकान उघडायचं ते सगळं मोकळं होऊन गेल्यावरच. पट्ट्याच्या घडीत कापराची वडी असायची.

करवंटीचा उंचवटा दिसू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या अंगरख्याला डाव्या बाजूला एक चुणी घातली. चुणी अशी देखणी पडली की महिन्याभरात पेठेतले दोन तरुण येऊन म्हणाले, "आप्पा, तसली चुणी आमाला बी." आप्पांनी टाचण्या काढल्या, त्यांच्याकडं बघितलं, आणि टाचण्या परत तोंडात घातल्या. शिवून दिली. त्या वर्षी मुरुमच्या बाजारात निम्मी जवान पोरं डाव्या चुणीचे अंगरखे घालून हिंडत होती. आप्पा मला म्हणाले, "नशीब समजा, करवंटी कुनी मागितली न्हाय."

एक लांबचे नातलग त्यांना भेटायला आले होते. आडून आडून त्यांनी सुचवलं की असल्या अवस्थेत गळ्यातलं लिंग पेटीत ठेवावं, पूजा नीलव्वानं करावी. आप्पा म्हणाले, "अंगावर लिंग हाय तवर इटाळ न्हाय, असं तुमीच माज्या लग्नात सांगितलं होतं. आता माज्याच पोटाला कसं भ्यावं?" रोज अंघोळीनंतर डाव्या तळहातावर लिंग घेऊन ते पूजेला बसायचे, पाठ ताठ, पट्टा आवळलेला. त्यात एक दिवसही खाडा झाल्याचं मला आठवत नाही.

एकच गोष्ट त्यांनी सोडली. आमच्या पेठेतल्या देवळाची चैत्रात जत्रा असते आणि जत्रेच्या दिवशी सगळ्या गावाला हुग्गीचं जेवण असतं. कांडलेल्या गव्हाची, गुळाची, वर खोबरं आणि तूप सोडलेली खीर. ती वाढायचा मान असा काही नव्हता, पण तीस वर्षं ती आप्पांनीच वाढलेली. मोठी बादली डाव्या हातात, उजव्या हातात वगराळं, आणि ओळीतून असे चालायचे की शंभर पत्रावळींवर हुग्गीचा ढीग सारखाच पडायचा. डोळ्यांचं माप तिथंही कामाला यायचं. कुणी हातानं पत्रावळ झाकली तरी ते वगराळं धरून उभे राहायचे. "हात काढा," म्हणायचे. माणूस हात काढेपर्यंत पुढं सरकायचे नाहीत.

आजारानंतरच्या पहिल्या जत्रेला ते दोन पट्टे बांधून आले. बादली उचलली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्यांचं पाऊल थांबलं. बादली त्यांनी खाली ठेवली, शेजारच्याला खूण केली आणि अंगरखा सावरत देवळाच्या मागच्या दारानं निघून गेले. कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. मी बघितलं. पुढच्या जत्रेला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. नीलव्वा डब्यात हुग्गी घेऊन जायची. आप्पा म्हणायचे, "घरी आनलेली हुग्गी खीर लागतीय."

शेहेचाळीस साली श्रावणात आळंदकडचा एक गाडीवान बंडी शिवायला आला. आप्पा त्याच्या कमरेला टेप लावायला वाकले आणि त्यांचा हात थांबला. सदऱ्याखाली, पोटाच्या डाव्या बाजूला, चार बोटं लांबीचा कडक व्रण त्यांच्या बोटांना लागला होता. जिथं त्यांची करवंटी असते, नेमका तिथं. त्यांनी गाडीवानाला सरळ विचारलं. तो म्हणाला, बैलानं शिंग घातलं होतं, हैदराबादला नेलं, आतडं बाहेर काढून ठेवलं होतं, चार महिन्यांनी आत घालून शिवलं. आता सगळं जिथल्या तिथं होतंय.

शाळा सुटायच्या वेळी आप्पा दारात उभे होते. दुकानाच्या वेळेत दुकान सोडलेलं मी त्यांना तोवर बघितलं नव्हतं. त्यांनी मला गाडीवानाचं सगळं सांगितलं आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबले.

इथं मी दुसऱ्यांदा चुकलो. खरं सांगायला याहून सोपी वेळ नव्हती. मी म्हणालो, प्रत्येकाचं वेगळं असतं.

"आसल. म्या त्ये इचारलं न्हाय. म्या म्हनतो, दुसऱ्या डाक्टरला दाखवायचं."

"साठी उलटली, आप्पा. आता कशाला पोट फाडून घ्यायचं?"

"पोट फाडलेलंच हाय, मास्तर. शिवून घ्यायचं हाय."

नीलव्वा विरोधात होती. जीव आहे, साकु, म्हणायची. साकु म्हणजे पुरे. तिनं दोन दिवस भांडून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी प्रवासाचं गाठोडं बांधायला घेतलं. मी सुचवलं, सोलापूरला जाऊ, तिथले कागदपत्र आहेत. बोलून गेल्यावर लक्षात आलं, त्याच कागदांतून माझं खोटं उघडं पडणार होतं. आप्पा म्हणाले, "सोलापूर नको. हैदराबादला जायचं. तिथला डाक्टर दखनी बोलतो. म्या बोलतो त्येच्यासंगं. तुमी नुस्तं शेजारी बसा." 

ते कशामुळं तसं म्हणाले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर आम्ही दोघं निघालो. आळंदवरून मोटारीनं गुलबर्गा, तिथून वाडीला गाडी बदलून हैदराबाद. वाटेत काही अडचण होऊ नये म्हणून आप्पा दोन दिवस ताकावर होते. डब्यात डावी बाजू भिंतीकडं करून ते ताठ बसले होते आणि मांडीवर एक छोटं गाठोडं होतं, ते कुणाला हात लावू देत नव्हते. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात सोलापूरची चिठ्ठी होती. ती घेऊन काय करायचं हे निघताना मी ठरवलं नव्हतं. दर दोन-तीन स्टेशनांनी मी ती आहे का ते चाचपत होतो.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर उतारवयाचे, जाड चष्म्याचे. आप्पांनी टेबलावर गाठोडं सोडलं. आतून शेरवानीच्या गुलाबी अस्तराची एक लांब नळी निघाली, मध्येच कापलेली, आणि तिची दोन्ही तोंडं एका चौकोनी कापडातून बाहेर काढून काठानं काज करतात तसा टाका घातलेला.

"ये क्या लाये, बडे मियाँ?"

"मेरा पेट है, साब. नमुना."

डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि ती नळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग शेजारच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवली. आप्पांनी विचारलं, वरचं कापड आहे, खालचं कापड पुरेसं शिल्लक आहे का, आणि अगदी शेवटचा, संडासाच्या वाटेचा नाडा धरतो का, एवढं सांगा. डॉक्टरांनी त्यांना पडद्याआड नेऊन तपासलं. आतून "कसो," "छोडो," "फिर से" असं ऐकू येत होतं आणि आप्पांचं कण्हणं. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, जोर आहे, पण सहा वर्षं झोपलेला माणूस आहे, उठायला वेळ घेईल. मग त्यांनी तीच गुलाबी नळी घेऊन समजावलं. दोन तोंडांमध्ये जी भिंत आहे ती आधी चिमट्यानं दाबून तोडायची, काही दिवस जाऊ द्यायचे, आणि मग बाहेरचं तोंड बंद करायचं.

"आधी आतली शिवन उसवायची, मग बाहेरचं काज बंद," आप्पा माझ्याकडं न बघता मराठीत म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, पहिल्या वेळचा कागद आहे का, आत नेमकं किती कापलं ते कळलं तर काम सोपं होईल, अंधारात हात घालावा लागणार नाही. आप्पा म्हणाले, कागद नाही.

तेव्हा मी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सहा वर्षांत घडीवर ती पिवळी पडली होती. डॉक्टरांनी वाचली. त्यांना पाहिजे होतं ते सगळं तिच्यात होतं, म्हणून चेहरा उजळला. मग शेवटच्या ओळीपाशी थांबून ते आप्पांना म्हणाले, "इसमें तो तीन महिने में बुलाया था. छे बरस कायकू लगाये?"

आप्पांनी टेबलावरच्या चिठ्ठीकडं बघितलं. इंग्रजी अक्षर त्यांना येत नव्हतं, तरी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "गिऱ्हाईकां बहोत थे, साब. फुरसत नहीं मिली."

माझ्याकडं त्यांनी मान वळवली नाही.

डॉक्टर म्हणाले, तेव्हा केलं असतं तर धोका कमी होता. आता वय झालंय. घरी विचार करून सांगा. आप्पा म्हणाले, विचार सहा वर्षं झालाय, मला माप सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "करवाता," म्हणाले. "पर डरता भी." आप्पांना ते उत्तर फार आवडलं. बाहेर व्हरांड्यात ते दोनदा म्हणाले, "सच्चा मानूस हाय. भ्यालो असतो म्हनला."

दोन महिने आम्ही तिथं होतो. मी बिनपगारी रुखसत टाकली आणि या वेळी शाळेचा कागद आला तो वाचला नाही. चिमटा लावला ते दिवस त्यांनी दात आवळून काढले. मग तोंड बंद केलं. पाचव्या दिवशी ताप चढला आणि टाक्यांतून पाणी पाझरायला लागलं. डॉक्टर रोज येऊन बघत आणि काही न बोलता जात. तापाच्या तिसऱ्या दिवशी आप्पांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "टाका कच्चा पडा तो बोलो, साब. साफ बोलो. मेरे से माप छुपाना नहीं." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. डॉक्टर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, की टाका भरून आला तर ठीक, नाही आला तर पुन्हा उघडावं लागेल, आणि त्यात जीव जाऊ शकतो. आप्पांनी ऐकून घेतलं, उशी नीट केली आणि झोपले. गेल्या आठ दिवसांत प्रथमच त्यांना गाढ झोप लागली.

नऊ दिवसांनी पाझर थांबला. आणखी चार दिवसांनी ते माझा खांदा न धरता, भिंतीच्या आधारानं, स्वतःच्या पायांनी संडासात गेले. बराच वेळ लागला. मी बाहेर उभा होतो आणि जे काही देव मला आठवत होते त्यांचं नाव घेत होतो. ते बाहेर आले तेव्हा घामानं भिजले होते.

"मास्तर," म्हणाले, "नाडा धरतो."

परतीच्या वाटेवर, गाडीत, मोटारीत, मुरुमच्या पेठेत, दिवसामागून दिवस मी वाट बघत राहिलो की ते आता विचारतील. भिंतीपलीकडं मशीन पूर्वीसारखं चालायला लागलं. मी दुकानात गेलो की ते चहा सांगायचे, गावातल्या गोष्टी बोलायचे. चिठ्ठीबद्दल एक अक्षर नाही. त्या दुसऱ्या काजाबद्दलही आता ते काही म्हणत नव्हते. शिवी दिली असती, दारात उभं केलं नसतं, तर मला सोपं गेलं असतं. एकदा मी बोलायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि माझ्याकडं बघत थांबले. मी कोटाचं बटण तुटलंय म्हणालो. त्यांनी बटण लावून दिलं.

सत्तेचाळीस सालची ती जत्रा आम्हा दोघांची एकत्र शेवटची. त्यानंतर रझाकारांचं भय वाढलं, निम्मी पेठ रिकामी झाली, मी बायकामुलं घेऊन सोलापूरकडं निघून गेलो, आणि परत आलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं. आप्पा वारले होते, नीलव्वा भावाकडं कानडी मुलखात गेली होती. त्यामुळं आप्पा डोळ्यांपुढं येतात ते त्या चैत्रातल्या दुपारचे.

देवळाच्या अंगणात ओळी बसल्या होत्या. मी तिसऱ्या ओळीत शेवटाकडं. समोरून ते आले. अंगात नवी बंडी, अंगाबरोबर बसलेली, डाव्या बाजूला चुणी नाही. डाव्या हातात बादली, उजव्या हातात वगराळं. चौसष्टाव्या वर्षी बादलीनं खांदा जरा उतरत होता, पण एकेक पत्रावळ घेत ते सरळ येत होते आणि ढीग सारखे पडत होते. बायकांच्या ओळीत नीलव्वा पदराचं टोक दातात धरून बघत बसली होती, समोर वाढलेलं तिनं अजून चिवडलंही नव्हतं. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, जिथं सहा वर्षांपूर्वी बादली खाली ठेवली होती, तिथं ते थांबले नाहीत.

माझ्यापुढं आले. तुपाचा आणि गुळाचा वास आला आणि माझा हात आपोआप पत्रावळीवर गेला.

"हात काढा," आप्पा म्हणाले.

मी म्हणालो, "आधी एक सांगायचं आहे."

त्यांनी बादली खाली ठेवली. वगराळं मात्र हातात तसंच धरलेलं. "सांगा मग," म्हणाले. "मागं पंगत खोळंबलीय."

शेजारी बसलेली माणसं माझ्याकडं बघत होती. माझा आवाज फुटला तो माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा.

"सोलापूरच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांनी आणा म्हणून सांगितलं होतं, आप्पा. मी तुम्हांला जन्माचं आहे म्हणालो. नोकरीला भ्यालो आणि तुमच्या मरणाला भ्यालो, म्हणून खोटं बोललो. तुमची सहा वर्षं मी घेतली. माझं चुकलं. मला माफ करा."

आणि मी पत्रावळीवरचा हात काढला.